प्रोबेट टाळायला शिकवणारी पुस्तकं

मराठीत ‘ट्रस्ट’ म्हटलं की देवस्थान, शाळा नाहीतर धर्मादाय रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. त्यामुळे कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या आपल्या माणसाला कुणी ‘लिव्हिंग ट्रस्ट केलात का?’ असं विचारलं की तो आधी बुचकळ्यात पडतो. हा ट्रस्ट अगदी खासगी असतो. आपण हयात असतानाच घर, बँकेतली खाती, शेअर्स ट्रस्टच्या नावे करायचे, विश्वस्त स्वतःच राहायचं, हवं तेव्हा बदल करायचा किंवा सगळंच रद्द करायचं. आपल्यामागे नेमलेला पुढचा विश्वस्त कोर्टाची पायरी न चढता, म्हणजे ‘प्रोबेट’शिवाय, मालमत्ता वारसांना देतो. अमेरिकेतल्या सामान्य माणसाला ही युक्ती कळली ती बरीचशी पुस्तकांमुळे, आणि त्यासाठी त्या पुस्तकांना कोर्टात उभं राहावं लागलं.

कल्पना मात्र फार जुनी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येत नसे. मग लोक ती भरवशाच्या माणसांच्या नावे करत आणि ‘माझ्यामागे अमक्याला द्या’ असं सांगून ठेवत. जमीन वारसाकडे जाताना राजाला, म्हणजे आठव्या हेन्रीला, मिळणारा महसूल त्यामुळे बुडू लागला, म्हणून १५३६ मध्ये कायदा करून त्याने ही वाट अडवली. लोक इतके बिथरले की १५४० मध्ये जमिनीचं मृत्युपत्र करायला परवानगी द्यावी लागली. ट्रस्ट तरीही टिकला, पण पुढची चारशे वर्षं तो मुख्यतः जमीनदारांच्या आणि त्यांच्या वकिलांच्याच कामी आला.

हे बदललं ते १९६५ मध्ये. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टचे नॉर्मन डेसी वकील नव्हते. लोकांच्या गुंतवणुकीचं आणि इस्टेटीचं नियोजन करून देणं हा त्यांचा व्यवसाय. ‘हाऊ टू अव्हॉइड प्रोबेट!’ या त्यांच्या पुस्तकात मजकूर थोडा आणि फॉर्म भरपूर होते. घरासाठी वेगळा, बँक खात्यासाठी वेगळा, शेअर्ससाठी वेगळा. पान फाडायचं, नावं भरायची, सही करायची. १९६६ मध्ये ललितेतर पुस्तकांत ते अमेरिकेत सर्वाधिक खपाचं ठरलं. वारसाहक्कावरच्या फॉर्मांच्या पुस्तकाला असं यश मिळावं, यावरूनच लोक किती गांजले होते ते कळतं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून शाबीत करून घेऊन त्याच्याच देखरेखीखाली देणी फेडणं आणि वाटप करणं. त्यात महिनोन्‌महिने जात, वकिलांची फी मालमत्तेच्या टक्केवारीने लागे, आणि न्यू यॉर्कमध्ये तर अल्पवयीन वारसांसाठी पालक नेमताना राजकीय गोतावळ्याची सोय पाहिली जाते अशी उघड ओरड होती. त्याच १९६६ मध्ये मॅनहॅटनच्या वारसा न्यायालयाच्या न्यायाधीशपदाची निवडणूक गाजली. रॉबर्ट केनेडींनी सॅम्युअल सिल्व्हरमन या सुधारणावादी उमेदवाराला पाठिंबा दिला आणि तो जिंकला.

वकिलांच्या संघटना गप्प बसल्या नाहीत. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये डेसींना सनदेविना वकिली केल्याबद्दल दोषी ठरवलं, पण तिथला मुद्दा एकेका ग्राहकाला कागदपत्रं करून देण्याचा होता. न्यू यॉर्कमध्ये प्रश्न खुद्द पुस्तकाचा होता: ते विकणं म्हणजे सनदेविना वकिली करणं का? खालच्या कोर्टाने ‘हो’ म्हणून विक्रीला मनाई केली, अपिलातही बहुमत तसंच गेलं. न्यायमूर्ती हॅरॉल्ड स्टीव्हन्स यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. पुस्तक सगळ्या वाचकांशी एकसारखंच बोलतं, कुणा एकाची अडचण ऐकून त्याला सल्ला देत नाही, मग ती वकिली कशी? १९६७ च्या अखेरीस राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने हेच मत उचलून धरलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निकाल हाच. कायदा सोप्या भाषेत लिहून विकण्याचा हक्क त्याने राखला.

त्या वाटेवरून पुढे बरेच जण गेले. १९७१ मध्ये बर्कलीत नोलो प्रकाशन सुरू झालं. त्यांचं पहिलं पुस्तक घटस्फोटावर होतं. पुढे मृत्युपत्र आणि लिव्हिंग ट्रस्ट त्यांच्या यादीत आले. टेक्सासात जुना वाद पुन्हा पेटला. तिथल्या एका संघीय न्यायालयाने १९९९ च्या सुरुवातीला कायदेशीर कागद बनवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर बंदी घातली. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला: ‘हे वकिलाच्या सल्ल्याला पर्याय नाही’ असं ठळक छापलं, की पुस्तक किंवा सॉफ्टवेअर म्हणजे वकिली नव्हे. बंदीचा आदेश वरच्या कोर्टाने लगेच रद्द केला.

कॅलिफोर्नियात या पुस्तकांना एवढी मागणी का, ते आकडे सांगतात. तिथे प्रोबेटमधली वकिलाची फी कायद्यानेच बांधलेली आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २. म्हणजे १० लाखांच्या मालमत्तेवर २३,००० डॉलर, आणि तेवढंच मृत्युपत्राचा व्यवस्थापकही मागू शकतो. घरावर कितीही कर्ज असो, हिशोब होतो तो पूर्ण किमतीवर.

पुस्तकं एक गोष्ट पुनःपुन्हा बजावतात, आणि लोक नेमके तिथेच चुकतात. ट्रस्टच्या कागदावर सही होते, फाइल कपाटात जाते, पण घराचं खरेदीखत ट्रस्टच्या नावे होतच नाही. मग त्या घरासाठी ट्रस्ट असूनही प्रोबेट अटळ. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात हेगस्टॅड प्रकरणात अपील कोर्टाने थोडा दिलासा दिला. मालकच विश्वस्त असेल आणि त्याने ट्रस्टच्या परिशिष्टात ती मालमत्ता लिहिली असेल, तर वेगळं खरेदीखत नसलं तरी चालेल. पण तसा आदेश मिळवायला कोर्टात अर्ज हा करावाच लागतो, म्हणजे जे टाळायचं होतं तेच दारात.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण असते, ती म्हणजे पुण्यातला फ्लॅट किंवा गावाकडची जमीन. भारतातल्या स्थावर मालमत्तेचा वारसा भारतीय कायद्यानेच ठरतो. ‘माझी सगळी मालमत्ता’ असं अमेरिकेतल्या फॉर्मवर लिहिलं म्हणून पुण्यातल्या फ्लॅटच्या कागदांवरचं नाव बदलत नाही. त्या फ्लॅटसाठी इथल्या कायद्याप्रमाणे, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं वेगळं मृत्युपत्र करून ठेवावं. ते लिहिताना एक काळजी घ्यायची: ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे नेहमीचं वाक्य तसंच उतरवलं, तर अमेरिकेत केलेलं मृत्युपत्रही त्यात ओढलं जाऊ शकतं. म्हणून तिथे ‘भारतातल्या मालमत्तेपुरती’ एवढे शब्द आवर्जून घालावेत.