भाडेकरू निष्कासन (महाराष्ट्र)

निवासी जागेचा भाडेसंबंध संपवून घरमालकाने भाडेकरूकडून ताबा कायद्याच्या मार्गाने परत मिळवण्याची प्रक्रिया. व्यवहारात तिला ‘ताबा घेणे’ किंवा ‘जागा खाली करून घेणे’ म्हणतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) या कायद्यानुसार चालते. भाडेपट्ट्याची मूळ संकल्पना मात्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधली आहे.

१८८२ च्या कायद्यात भाडेपट्टा संपण्याच्या वाटा कलम १११ मध्ये दिल्या आहेत : मुदत संपणे, जागा स्वखुशीने परत करणे, अटीचा भंग किंवा मालकाचा हक्क नाकारणे यामुळे भाडेपट्ट्याचा हक्क गमावणे, जागा सोडण्याची नोटीस इत्यादी. महिन्याच्या भाड्यावर दिलेल्या घराला कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस पुरते. भाडे नियंत्रणाच्या कायद्याने या सगळ्यावर दुसरा थर चढवला. करार संपला तरी भाडेकरूचा ताबा संपत नाही. तो ‘सांविधिक भाडेकरू’ म्हणून राहतो आणि त्याला उठवायचे तर कायद्यात सांगितलेले कारण न्यायालयात सिद्ध करावे लागते. मग कलम १०६ ची नोटीस तरी हवी का, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. आधी करार नोटिशीने संपवावा व नंतर दावा लावावा, असे पूर्वीच्या अनेक निर्णयांत धरले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७९ मध्ये ते अमान्य केले : भाडे कायद्याखालील कारण असेल तर अशी वेगळी नोटीस अनावश्यक आहे. हेच मत आज ग्राह्य धरायला हवे. तरीही वकील नोटीस पाठवतातच. सवय हे त्याचे मोठे कारण दिसते.

भाडे नियंत्रणाचा आरंभ कोठून धरावा, याबाबत लेखकांत एकवाक्यता नाही. काही जण तो पहिल्या महायुद्धाच्या काळातील मुंबईच्या १९१८ च्या कायद्यापर्यंत मागे नेतात. पण तो तात्पुरता युद्धकालीन उपाय होता. १९३९ व १९४४ च्या कायद्यांनंतर आलेला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झालेला १९४७ चा मुंबई भाडे कायदा हाच आजच्या व्यवस्थेचा खरा पूर्वज मानणे अधिक सयुक्तिक. त्याने साधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर भाडे गोठवले. तो राज्यभर लागू नव्हता. विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश चाले. तिथे मालकाने आधी भाडे नियंत्रकाची परवानगी काढायची, मग नोटीस द्यायची आणि शेवटी दिवाणी न्यायालयात जायचे, असा तिहेरी प्रवास होता. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा होता व भाडे नियंत्रक स्वतःच निष्कासनाचा आदेश देई. गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. १९९९ च्या कायद्याने तिन्ही प्रदेश एका छत्राखाली आणले आणि भाड्यात दरसाल चार टक्के वाढीची मुभा दिली.

ताब्याची कारणे कलम १५ व १६ मध्ये आहेत. थकबाकीचे कारण वरकरणी सोपे, प्रत्यक्षात निसरडे. मालकाने लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि नव्वद दिवस थांबायचे. त्याआधी दावा लावता येत नाही. या ठिकाणी १८८२ च्या कायद्यातील कलम १०६ चा उल्लेख येतो तो नोटीस बजावण्याच्या पद्धतीपुरता, करार संपवण्यासाठी नव्हे. हा फरक अनेकदा नजरेआड होतो. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी, त्यावर दरसाल १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला व पुढे निकालापर्यंत नियमित भाडे भरत राहिला, तर ताब्याचा हुकूमनामा (न्यायालयाचा निर्णायक आदेश) होत नाही. म्हणजे मालकाला पैसे मिळतात, घर मिळत नाही.

कलम १६ मधील ‘कायम स्वरूपाचे बांधकाम’ या कारणाने खटल्यांत फार शाई खर्ची पडली आहे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय असे बांधकाम केल्यास ताबा जातो. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दरवाजा, जाळी, वायुविजनासाठी लागणारी खिडकी, फॉल्स सीलिंग, एअर-कंडिशनर, धुराडे ही कामे, आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केली असल्यास, स्पष्टीकरणातच वगळली आहेत. ओटा बांधला म्हणून घर गेले, अशी धास्ती त्यामुळे आता निराधार आहे. पोटमाळ्यासारखी कामे या यादीत नाहीत. तिथे बांधकामाचा हेतू, ते कशाचे आहे आणि इमारतीला इजा न करता काढता येते का, हे पाहिले जाते.

शेजाऱ्यांना उपद्रव, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे, ज्या कारणासाठी जागा घेतली त्यासाठी ती दाव्यापूर्वी सलग सहा महिने वाजवी कारणाविना न वापरणे, ही इतर कारणे. दुरुस्ती व पुनर्बांधणीचे कारण वेगळ्या शर्तींनी बांधलेले आहे.

सर्वाधिक वाद मालकाच्या ‘वाजवी व सद्भावपूर्वक गरजे’वर होतात. गरज खरी हवी, नुसती इच्छा चालत नाही. मात्र ती अटळ निकडच असली पाहिजे असेही नाही. गरज सिद्ध झाली तरी पुढची पायरी उरते. हुकूमनाम्याने भाडेकरूची होणारी अडचण मालकाच्या अडचणीपेक्षा मोठी ठरली, तर न्यायालय ताबा नाकारते. जागेचा काही भागच देऊन प्रश्न सुटत असेल तर तेवढाच देते. भाडेकरूच्या मृत्यूनेही प्रश्न आपोआप मिटत नाही. मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो; वृद्ध भाडेकरूच्या पश्चात घर मोकळे होईल, हा हिशेब बहुधा चुकतो.

दावे बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉज कोर्टात) चालतात. इतरत्र, जिथे लघुवाद न्यायालय नाही तिथे, दिवाणी न्यायालयात. हुकूमनाम्यानंतरही ताबा बेलिफामार्फतच, म्हणजे न्यायालयाच्या कर्मचाऱ्यामार्फतच, घ्यावा लागतो.

या सगळ्यातून सुटण्यासाठी ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी अनुज्ञप्तीवर (लायसन्सवर) जागा देणे रुजले. अनुज्ञप्तीची व्याख्या सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे : जागेत हितसंबंध निर्माण न करता दिलेली वापराची परवानगी. कागदावर काय लिहिले त्यापेक्षा पक्षांचा हेतू महत्त्वाचा आणि अनन्य ताबा हे निर्णायक नसले तरी वजनदार लक्षण, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये सांगितले. त्यामुळे जुन्या करारांवर ‘हा खरा भाडेपट्टाच आहे’ असे वाद रंगत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यातील १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या अनुज्ञप्तीधारकांना भाडेकरू मानले. या एका तारखेवर मुंबईतील असंख्य घरांचे भवितव्य ठरले. १९९९ च्या कायद्यात चित्र पालटले. कलम २४ नुसार राहण्यासाठी दिलेल्या अनुज्ञप्तीची मुदत संपल्यावर जागा परत द्यावी लागते, न दिल्यास शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई लागते, आणि लेखी करार त्यातील गोष्टींचा निर्णायक पुरावा ठरतो. ताब्यासाठी मालकाचा अर्ज दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो. विरोध करायचा तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन परवानगी मिळवावी लागते. करार लेखी व नोंदणीकृत हवा (कलम ५५) आणि ती जबाबदारी मालकाची आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज म्हणून महाराष्ट्रात चुकीचा ठरतो. अकरा महिन्यांचा प्रघात मात्र टिकून आहे.

मुदत संपली म्हणून कुलूप बदलणे किंवा सामान बाहेर काढणे हे निष्कासन नव्हे. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, ताबा हिरावला गेलेली व्यक्ती सहा महिन्यांत दावा करून तो परत मिळवू शकते. मालकी कोणाची, हा प्रश्न तिथे पाहिला जात नाही. पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई आहे.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. मुदतीनंतर जागा न सोडल्यास पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे, अशी तरतूद त्यात आहे. राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.