मिस ब्रॉडी: कादंबरीतली आणि पडद्यावरची

म्युरिअल स्पार्क या स्कॉटिश लेखिकेची ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ ही कादंबरी वाचली आहे असं कुणी सांगितलं, तर एकच प्रश्न विचारून पाहावा: मेरी मॅकग्रेगर कशी मेली? ‘स्पेनच्या यादवी युद्धात’ असं उत्तर आलं, तर समोरच्याने सिनेमा पाहिलाय. ‘हॉटेलला लागलेल्या आगीत’ असं आलं, तर पुस्तक वाचलंय. दोन्हींचं नाव एक, नायिका एक, शहरही एकच, त्यामुळे ही गल्लत चांगल्या चांगल्या वाचकांची होते. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत तर सिनेमातले प्रसंग कादंबरीच्या नावावर सर्रास खपून जातात. मॅगी स्मिथने मिस ब्रॉडी इतकी जिवंत केली की पुस्तक उघडलं तरी तिचाच आवाज कानात घुमतो. सिनेमा चांगलाच आहे. पण स्पार्कने जे लिहिलं ते वेगळं आहे, आणि त्यातला फार मोलाचा भाग पडद्यावर आलेलाच नाही.

आधी वंशावळ पाहू, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. कादंबरी 1961 सालची. ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाने ती ऑक्टोबरच्या एका अंकात जवळजवळ सबंध छापली आणि त्याच वर्षी पुस्तकही निघालं. पुढे जे प्रेसन ॲलन या अमेरिकन लेखिकेने तिचं नाटक केलं. ते 1966 मध्ये लंडनला आलं, त्यात व्हनेसा रेडग्रेव्ह होती. 1968 मध्ये ते न्यूयॉर्कला गेलं, तिथे झोई कॉल्डवेल होती. 1969 चा रोनाल्ड नीम यांचा सिनेमा याच ॲलनबाईंच्या पटकथेवर उभा आहे. म्हणजे सिनेमा कादंबरीची नात आहे, लेक नाही. रंगमंचाच्या गरजेपोटी कथेत जे बदल झाले, ते बहुतेक सगळे पडद्यावर तसेच राहिले.

दोन्हीकडे सारखं आहे ते असं. 1930 च्या दशकातलं एडिंबरा, मार्शिया ब्लेन ही मुलींची शाळा, तिथली चाळिशीला टेकलेली शिक्षिका मिस ब्रॉडी. आपल्या आयुष्याचा हा बहराचा काळ आहे असं ती स्वतःच जाहीर करते. इतिहासाच्या तासाला पुस्तक नुसतं उघडून धरायला सांगते आणि पहिल्या महायुद्धात पडलेल्या आपल्या वाग्दत्त वराची गोष्ट सांगते. मुसोलिनीवर तिची श्रद्धा. निवडक मुलींना ती आपल्या साच्यात घडवायला घेते, आणि शेवटी त्यांच्यातलीच सँडी स्ट्रेंजर तिचा घात करते.

फरक मुलींच्या संख्येपासून सुरू होतो. कादंबरीत ब्रॉडीच्या गटात सहा जणी आहेत: मोनिका, रोझ, युनिस, सँडी, जेनी आणि मेरी. शिवाय जॉइस एमिली नावाची सातवी, गटात शिरायला धडपडणारी, उंबऱ्यावरच राहिलेली. सिनेमात चौघीच उरल्या: सँडी, जेनी, मोनिका, मेरी. गाळलेल्या मुलींची कामं मात्र कथेला हवी होती, म्हणून ती उरलेल्यांना वाटून दिली. पुस्तकात चित्रकलेचे मास्तर टेडी लॉइड यांची प्रेयसी म्हणून ब्रॉडी मनोमन रोझला तयार करत असते. सिनेमात ती जागा जेनीला मिळाली. पुस्तकात ब्रॉडीच्या सांगण्यावरून यादवी युद्धात सेनापती फ्रँकोच्या बाजूने लढायला स्पेनला निघते आणि वाटेत गाडीवरच्या हल्ल्यात मरते ती जॉइस एमिली. सिनेमात हे मरण मेरीच्या वाट्याला आलं.

ही शेवटची अदलाबदल साधी नाही. जॉइस एमिली वाचकाला धड ओळखीचीही झालेली नसते, आणि ब्रॉडीलाही तिची फारशी पर्वा नसते. एक मुलगी मेली आणि तिची आठवण काढणारं फारसं कुणी उरलं नाही, ही पुस्तकातली थंडगार भीती आहे. सिनेमात तेच मरण आपल्या लाडक्या, बावळट मेरीला येतं, म्हणून आपल्याला रडू येतं आणि सँडीच्या रागाला सरळ कारण मिळतं. स्पार्क असं सोपं कारण देत नाही.

पत्राचा प्रसंगही असाच. ब्रॉडी आणि गाणं शिकवणारे लोथर मास्तर यांच्यावर सँडी आणि जेनी एक कपोलकल्पित प्रेमपत्र रचतात. सिनेमात ते मुख्याध्यापिका मिस मॅके यांच्या हाती लागतं आणि मोठा खटका उडतो. पुस्तकात मुली ते ज्यात लिहिलंय ती वही समुद्राकाठच्या एका गुहेत, दगडामागच्या ओलसर भोकात पुरून टाकतात. ती कुणालाच सापडत नाही. लोथरांच्या घरी पुरावा सापडतो तो वेगळा: उशीखाली घडी घालून ठेवलेला ब्रॉडीचा रात्रीचा झगा, आणि तो सापडतो शिवण शिकवणाऱ्या केर बहिणींपैकी एकीला.

पण सगळ्यात मोठा फरक काळाचा आहे, आणि इथे थोडं थांबायलाच हवं.

सिनेमा 1932 पासून सरळ पुढे जातो. नाटकात निदान पुढे जोगीण (ख्रिस्ती नन) झालेल्या सँडीची चौकट होती. सिनेमाने तीही काढली. कादंबरी 1936 मध्ये शाळेच्या फाटकापाशी सुरू होते, मग मुली दहा वर्षांच्या होत्या तिथे मागे जाते आणि मध्येच, कधी एकाच वाक्यात, वीस-पंचवीस वर्षं पुढे उडी घेते. मेरी तेविसाव्या वर्षी आगीत जाणार हे पहिल्याच प्रकरणात कळतं. पुढच्या प्रकरणात ती आग दिसते. हॉटेलच्या बोळात मेरी एका बाजूला धावते, समोर ज्वाळा. उलटी फिरते, तिकडेही ज्वाळा. तिसऱ्या फेरीत कुणावर तरी आदळते, अडखळते आणि मरते. त्यानंतर बऱ्याच पानांनी शाळेतला विज्ञानाचा पहिला तास येतो. परीक्षानळीतून मॅग्नेशियमची पांढरी ज्योत उसळते, मेरी घाबरून बाकांच्या मधल्या अरुंद वाटेत पळते, पुढे ज्योत, मागे ज्योत, पुन्हा पुढे. मिस लॉकहार्ट तिला पकडून म्हणतात, मूर्खासारखं करू नकोस.

घटना वयाच्या क्रमाने मांडल्या असत्या, तर प्रयोगशाळेतला प्रसंग गमतीचा झाला असता आणि आग ही पुढे आलेली दुर्घटना. स्पार्कने मरण आधी सांगितलं, म्हणून तो तास येतो तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा येतो. तिची विनोदबुद्धी आणि तिची निष्ठुरता एकाच जागी राहतात, ती जागा ही. मराठीत हे उतरवायला बसलं की पहिली अडचण क्रियापदाची येते. ‘मरणार होती’ म्हटलं की भविष्यवाणीचा सूर लागतो, ‘मेली’ म्हटलं की गोष्ट संपल्यासारखी वाटते. स्पार्कचा सूर दोन्ही नाही. जन्मतारीख सांगावी तशी ती मृत्यूची तारीख सांगते. ‘पुढे तेविसाव्या वर्षी आगीत गेलेली मेरी तेव्हा दहा वर्षांची होती’, अशा रचनेतच तो सूर थोडाफार सापडतो.

विनोदाचं ठिकाणही दोन्हीकडे वेगळं. सिनेमात हशा मिळतो तो ब्रॉडीच्या तोंडच्या वाक्यांना आणि मॅगी स्मिथच्या मानेच्या झटक्याला. त्याबद्दल तिला ऑस्कर मिळालं, ते योग्यच होतं. पुस्तकात विनोद निवेदनात आहे. प्रत्येक मुलीला तिच्या प्रसिद्धीची एक चिठ्ठी चिकटवलेली असते: मोनिका गणितासाठी, युनिस कसरतींसाठी, सँडी बारीक डोळ्यांसाठी. नाव आलं की चिठ्ठीही जवळपास येतेच. टोप्यांचंच पाहा. शाळेजवळ टोपी काढणं गुन्हा, पण ती कशी घालायची यावर प्रत्येकीचा स्वतंत्र विचार. सँडीने हनुवटीखाली इलॅस्टिक लावलंय, ते ती चघळते, आणि चघळून संपलं की नवं शिवते. एवढ्या एका तपशिलात ही मुलगी शांत, चिवट आणि आतून अस्वस्थ आहे हे कळतं. कॅमेऱ्याला इलॅस्टिक दाखवता येईल, पण ‘संपलं की नवं शिवते’ हे दाखवता येणार नाही.

आता घाताचा मुद्दा. सिनेमात सँडी आणि ब्रॉडी समोरासमोर येतात, आरोप होतात, ब्रॉडी तिला ‘मारेकरी’ म्हणते. कादंबरीत असा सामना होतच नाही. 1938 च्या शरदात, शाळा सोडून गेलेली सँडी मिस मॅके यांना भेटायला येते आणि सुचवते की प्रेमप्रकरणांत ही बाई तुम्हाला सापडणार नाही, राजकारणाकडे बघा. पुढच्या उन्हाळ्यात फॅसिझम शिकवल्याच्या कारणाने ब्रॉडीला निवृत्त केलं जातं. तिला अखेरपर्यंत खात्रीने काही कळत नाही, ती एकेकीवर संशय घेत राहते. वाचकाला मात्र पुस्तकाच्या मध्यावरच नाव सांगून टाकलेलं असतं. म्हणून ‘कोणी केलं’ हा प्रश्न उरत नाही. ‘का केलं’ हा उरतो, आणि त्याचं एकच एक उत्तर पुस्तक देत नाही.

त्या ‘का’च्या मुळाशी धर्म आहे, आणि सिनेमातून तोच जवळजवळ गळला. स्पार्क 1918 मध्ये एडिंबरात जन्मली. वडील ज्यू, आई इंग्लिश, शहरावर प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या शिकवणीची सावली. 1954 मध्ये ती कॅथलिक झाली आणि पहिली कादंबरी त्यानंतर, 1957 मध्ये आली. कोण तरणार आणि कोण नाही हे देवाने आधीच ठरवलंय, ही कॅल्व्हिनची शिकवण. रोझने काय व्हायचं, सँडीने काय व्हायचं हे ब्रॉडीही आधीच ठरवते. सँडीला हे साम्य दिसतं आणि ती हादरते. लेखिका स्वतःही पात्रांचा शेवट आधी ठरवून सांगतेच आहे, तेव्हा त्या उड्या मारणाऱ्या काळाचं खरं काम इथे उलगडतं.

आणखी एक गल्लत जाता जाता दूर करावी: ब्रॉडी म्हणजे स्पार्कच्या खऱ्या बाईच, असं समजण्याची. जेम्स गिलेस्पीज शाळेत स्पार्कला क्रिस्टिना के नावाच्या बाई होत्या, ब्रॉडीचं बीज त्यांच्यात आहे. भिंतीवरची इटालियन चित्रं, मुलींना नाटकाला आणि पाव्हलोव्हाच्या नृत्याला नेणं, हे त्यांचंच. पण केबाईंना शाळेने काढलं नव्हतं, आणि ब्रॉडीची प्रेमप्रकरणं ही स्पार्कची रचना आहे.

सिनेमा आधी पाहिला असेल, तर पुस्तक असं वाचावं. कोऱ्या कागदावर सातही मुलींची नावं लिहा आणि शेजारी पाच रकाने आखा: 1930-31, 1936, 1938-39, युद्धानंतरची लगेचची वर्षं, आणि 1950 चं दशक. काळाने उडी मारली की त्या मुलीपुढे योग्य रकान्यात दोन शब्द टिपा. सहाच प्रकरणं आहेत, दोन बैठकींत होतात. चूक होते ती बहुधा तिसऱ्या प्रकरणात: वाचक भरभर जातो, सँडी आणि ब्रॉडी हॉटेलात चहा घेताहेत हे वाचतो, पण तो चहा युद्धानंतरचा आहे हे निसटतं. तिथे मागे जाऊन पुन्हा वाचा. घात करणारीचं नाव त्याच भेटीत येतं.

शेवटची तुलना शेवटाचीच. सिनेमात मुली शाळेतून बाहेर पडतात, सँडीच्या डोळ्यांत पाणी असतं आणि कानावर ब्रॉडीचा आवाज येतो. कादंबरीत सँडी आता सिस्टर हेलेना आहे, मानसशास्त्रावरच्या तिच्या पुस्तकाने गाजलेली. भेटायला आलेला एक तरुण विचारतो, शाळेत असताना तुमच्यावर मुख्य प्रभाव कशाचा होता, साहित्याचा, राजकारणाचा की कॅल्व्हिनचा? बाकीच्या जोगिणी जाळीमागे मागे रेलून बसतात. ही पुढे वाकते, दोन्ही हातांनी गज घट्ट धरते आणि एका शिक्षिकेचं नाव घेते.