घास अडकतो, ते ‘खानदानी पित्त’ असेलच असं नाही

ज्वारीच्या भाकरीचा घास छातीत अडकला, पोरानं तांब्याला हात घातला, की मराठवाड्यातल्या घरात कुणीतरी म्हणतंच, ‘याच्या बापालाही असंच व्हायचं, खानदानी पित्त आहे.’ विषय संपला! पण वर्षानुवर्षं घासागणिक पाणी लागत असेल, पोरगं ताटावरून सगळ्यात शेवटी उठत असेल, तर इओसिनोफिलिक इसोफेजायटिसची, म्हणजे ॲलर्जीमुळे अन्ननलिकेला येणाऱ्या सुजेची शंका घ्यावी. यात दूध, गहू, अंडी अशा पदार्थांच्या ॲलर्जीनं अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी जमतात. दुर्बीण घालून घेतलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात १५ किंवा जास्त पेशी दिसल्या, तर निदानाला आधार मिळतो.

‘खानदानी’त तथ्य आहे, पण अर्धंच. टीएसएलपी आणि कॅल्पेन-१४ या जनुकांचा संबंध सापडलाय. कॅल्पेन-१४ तर मुख्यतः अन्ननलिकेतच काम करतं. पण २०१४ चा जुळ्यांचा अभ्यास बघा. एकाला आजार असेल तर हुबेहूब जुळ्या भावंडाला तो असण्याचं प्रमाण सुमारे ५८ टक्के, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ३६, आणि साध्या सख्ख्या भावंडांत जेमतेम २.४. शेवटच्या दोघांत जनुकांचं साम्य सारखंच, मग एवढी तफावत कशी? जुळ्यांचा गर्भवास एकाच वेळचा, बाळपणही एकाच वेळचं! त्या काळातल्या अँटिबायोटिक्सचा, सिझेरियनचा संबंध अभ्यासांत दिसतो. अशा गोष्टींनी डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण त्यावरच्या रासायनिक खुणा बदलू शकतात आणि जनुक कमी-जास्त चालू होतं.

त्यामुळे ‘रक्तातच आहे, इलाज नाही’ हेही चूक. आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या, गिळायचं स्टिरॉइड किंवा दूध बंद करून पाहणं, यांनी बऱ्याच जणांची सूज उतरते. मात्र दूध-गहू आपल्या मनानं तोडू नका, आधी पोटविकारतज्ज्ञाला दाखवा.