निम्म्याचा नियम: खनिजांच्या वर्गीकरणातील एका वादाची पार्श्वभूमी

खनिज ओळखण्याच्या कठिनता, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग), पाटन (ठरावीक दिशांनी फुटण्याची रीत), चमक या कसोट्यांचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. खाणकामगारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या खुणा सोळाव्या शतकात ग्रंथांत उतरल्या. १७७४ मध्ये एका जर्मन खाणतज्ज्ञाने बाह्य लक्षणांची शिस्तबद्ध मांडणी केली आणि १८१२ मध्ये कठिनतेची दहा पायऱ्यांची मोजपट्टी आली. या काळाचे वैशिष्ट्य एकच, पण महत्त्वाचे: खनिज ज्या लक्षणांवरून ओळखायचे, त्याच लक्षणांवरून त्याचे वर्गीकरणही होत असे. खनिजाचे नाव केवळ त्यातल्या घटकांच्या प्रमाणावरून ठरवावे की रुळलेली नावे राखावीत, या आजच्या वादाचे मूळ ही जोडी फुटण्यात आहे.

ती फोडली रसायनशास्त्राने. सुरुवातीला रासायनिक वर्गीकरण धातूंनुसार होते. लोहाची सगळी खनिजे एका कप्प्यात, म्हणजे पितळी झळाळीचा पायराइट, तांबूस कस देणारा हेमॅटाइट आणि सिडेराइट हे शेजारी-शेजारी. पण सिडेराइटचा तुकडा फोडला तर तो कॅल्साइटसारखाच तीन तिरप्या दिशांनी फुटतो, आणि त्या पृष्ठांमधले कोनही जवळजवळ तेच भरतात. पायराइटशी त्याचे लोहापलीकडे काहीच जुळत नाही. याचा उलगडा १८१९ च्या सुमारास झाला. स्फटिकाचा आकार कायम राहून त्यात एका धातूची जागा दुसरा धातू घेऊ शकतो, हे प्रयोगांतून दिसले. मग धातूऐवजी ऋण भार असलेल्या गटाकडे पाहायचे ठरले: सल्फाइडे, ऑक्साइडे, कार्बोनेटे, सल्फेटे, सिलिकेटे. १८५४ मध्ये एका अमेरिकी संदर्भग्रंथाच्या नव्या आवृत्तीने ही रचना स्वीकारली. संग्रहालयांतली कपाटे आजही बहुतेक याच क्रमाने लावलेली असतात.

१९१२ मध्ये क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आतली अणूंची मांडणी उघड केली. १९३० च्या आसपास सिलिकेटांचे उपवर्ग सिलिकॉन-ऑक्सिजनच्या चौफलकांच्या जोडणीवरून पडू लागले आणि १९४१ मध्ये रसायन व संरचना यांची सांगड घालणारी कोष्टके जर्मनीत प्रसिद्ध झाली. रासायनिक घटन आणि अंतर्गत संरचना या दोन पायांवर खनिजाची जात तेव्हापासून उभी आहे.

तरीही नाव देण्याचा अधिकार मोकळाच होता. कोणीही नियतकालिकात वर्णन छापावे आणि नाव ठेवावे. त्यामुळे एकाच खनिजाला चार नावे आणि एकाच नावाखाली तीन वेगळी खनिजे, असा गुंता झाला. १९५९ पासून एक आंतरराष्ट्रीय समिती प्रत्येक नवा प्रस्ताव तपासून त्यावर मतदान घेते. याच सुमारास इलेक्ट्रॉन शलाकेने सूक्ष्म ठिपक्याचे रासायनिक विश्लेषण करणारे यंत्र प्रयोगशाळांमध्ये पोहोचले. मान्यताप्राप्त जाती आज सहा हजारांच्या घरात आहेत. इतक्या जाती वेगळ्या काढता आल्या, त्यात या यंत्राचा वाटा फार मोठा आहे.

ज्याला सर्रास पन्नास टक्क्यांचा नियम म्हणतात, तोही याच काळातला. धातू एकमेकांची जागा घेत असतील तर दोन टोकांच्या मध्ये कितीही मिश्रणे संभवतात. त्यांना नावे कशी द्यायची? समितीचे उत्तर असे: स्फटिकातल्या एका विशिष्ट जागी ज्या घटकाचे प्रमाण निम्म्याहून जास्त, त्या टोकाची ती जात. मधली नावे जाती म्हणून बाद. स्पर्धेत तीन घटक असतील तर निम्मे कोणाकडेच नसू शकते. तेव्हा ज्याचा वाटा सर्वांत मोठा त्याचे नाव, मग तो चाळीस टक्केच का असेना. म्हणजे नियम खरे तर बहुमताचा नाही, आघाडीचा आहे, आणि पुढच्या सुधारणांत तो तशाच भाषेत मांडला गेला.

कागदावर हे स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात पहिला फटका बसला तो भूशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरातल्या प्लॅजिओक्लेज फेल्स्पारांना. सोडियमचे टोक अल्बाइट, कॅल्शियमचे ॲनॉर्थाइट, आणि मधल्या टप्प्यांना ॲनॉर्थाइटच्या दहा, तीस, पन्नास, सत्तर, नव्वद या टक्क्यांवर रेघा मारून ऑलिगोक्लेज, अँडेसीन, लॅब्रॅडोराइट, बिटोनाइट अशी नावे होती. नियम लागू झाल्यावर ही चारही नावे जातींच्या यादीबाहेर गेली. निळसर झळाळीने कोणालाही ओळखू येणारा लॅब्रॅडोराइट आता ॲनॉर्थाइटचा एक प्रकार आहे.

लाव्ह्यापासून बनलेल्या खडकाचा पातळ छेद ध्रुवण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अडचण डोळ्यांनी दिसते. प्लॅजिओक्लेजच्या एकाच स्फटिकात गाभ्यापासून कडेपर्यंत वलये असतात. गाभा आधी, जास्त तापमानाला बनला, म्हणून त्यात कॅल्शियम जास्त. कडा नंतर बनली, म्हणून सोडियम जास्त. समजा, ॲनॉर्थाइटचे प्रमाण गाभ्यात बासष्ट टक्के आणि कडेला चव्वेचाळीस टक्के आहे. जुन्या भाषेत गाभा लॅब्रॅडोराइट, कडा अँडेसीन: लाव्हा कसा निवत गेला ते या दोन शब्दांत कळते. नव्या भाषेत गाभा ॲनॉर्थाइट आणि कडा अल्बाइट. एकाच अखंड स्फटिकात दोन जाती, आणि दोन्ही नावे ज्या टोकांची आहेत त्यांच्यापासून ती वलये कितीतरी दूर. म्हणूनच खडकांचा अभ्यास करणारे आजही बिनदिक्कत लॅब्रॅडोराइट लिहितात, आणि माझ्या मते ते योग्यच करतात. यादी नेटकी राहावी म्हणून माहिती गमावणे हा चांगला सौदा नव्हे.

झिओलाइटांचा, म्हणजे आत सूक्ष्म पोकळ्या असलेल्या सिलिकेटांचा, १९९७ चा निर्णय याहून गुंतागुंतीचा. या खनिजांच्या पोकळ्यांतले सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम सहज अदलाबदल होतात. समितीने ज्या घटकाची आघाडी त्याची खूण नावापुढे जोडली: ह्यूलँडाइट-सीए (कॅल्शियम), ह्यूलँडाइट-एनए (सोडियम), ह्यूलँडाइट-के (पोटॅशियम). शवपेटीसारख्या आकाराचा, एका पृष्ठावर मोत्यासारखी चमक असलेला ह्यूलँडाइट जाणकार नजर लांबून ओळखते. पण तो यांपैकी कोणता, हे बघून सांगता येत नाही. शिवाय सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्या केवळ गुणोत्तरावरून झिओलाइटाच्या जाती वेगळ्या मानायच्या नाहीत, असे ठरवणाऱ्या याच अहवालाने ह्यूलँडाइट व क्लिनोप्टिलोलाइट यांच्यासाठी अपवाद केला. दोघांची चौकट एकच. गुणोत्तर चारपेक्षा कमी तर पहिला, चार किंवा जास्त तर दुसरा. क्लिनोप्टिलोलाइट हे नाव उद्योगांत आणि शोधनिबंधांत इतके रुळले होते की ते पुसणे व्यवहार्य नव्हते. रुळलेल्या नावाची ही किंमत इथे मानली गेली आणि फेल्स्पारांच्या बाबतीत नाही, ही विसंगती उरतेच. अपोफिलाइट गटातल्या खनिजांची नावे तर २००८ मध्ये बदलली आणि २०१३ मध्ये तो बदल मागे घ्यावा लागला.

मोजणीचीही अडचण आहे. झिओलाइटावर इलेक्ट्रॉन शलाका रोखली की पाणी निघून जाते आणि सोडियम ठिपक्यापासून दूर सरकतो. म्हणजे ज्या घटकावर नाव ठरायचे तोच मोजताना कमी भरतो. शलाका पसरट ठेवून आणि तीव्रता उतरवून हे सावरावे लागते. खडकांच्या जागेवर नेता येणारी, हातात धरून विश्लेषण करणारी क्ष-किरण बंदूक सोडियमइतकी हलकी मूलद्रव्ये सहसा पकडतच नाही. त्यामुळे विश्लेषण नसेल तर नुसते ह्यूलँडाइट असे मालिकेचे नाव लिहिण्याची मुभा नियमांत आहे, आणि बहुसंख्य नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर तेच प्रामाणिक आहे.

अलीकडे दुसरी दिशाही पुढे आली आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने खनिजांची विभागणी ती कशी घडली यावरून केली. त्यात निर्मितीच्या ५७ रीती धरल्या असून एकटा पायराइट २१ रीतींनी तयार होतो, असे मांडले आहे. अधिकृत जाती अजून घटन आणि संरचनेवरच ठरतात. मात्र या नव्या मांडणीत नमुना कोणत्या खडकात आणि कोणत्या सोबत्यांसह सापडला ही नोंद निर्णायक ठरते, आणि ती नोंद तो उचलणाऱ्यानेच जागेवर करायची असते.