रूट कॅनलमधील औषध बाहेर काढताना

मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय असो की सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय, रूट कॅनलच्या दुसऱ्या बैठकीला येणाऱ्या रुग्णाचे दुखणे बहुधा थांबलेले असते आणि आता दात लगेच भरून मोकळे करावे, अशी त्याची अपेक्षा असते. तरीही डॉक्टर बराच वेळ दाताचे मूळ आतून धूत राहतात, कारण पहिल्या बैठकीत औषध म्हणून भरलेले कॅल्शियम हायड्रॉक्साइड पूर्ण निघाल्याशिवाय पुढचे काम टिकाऊ होत नाही.

बर्नहार्ड हेरमान यांनी १९२० साली दंतोपचारात आणलेल्या या पांढऱ्या पेस्टचा सामू सुमारे १२.५ असतो आणि एवढ्या तीव्र अल्कतेत बहुतेक जिवाणू तगत नाहीत. मात्र हीच पेस्ट भिंतीला चिकटून राहिली, तर सीलर, म्हणजे शेवटी मूळ बंद करताना वापरायचा चिकट लेप, दातात नीट मुरत नाही आणि कालांतराने तिथे फट पडू शकते.

नेहमीची पद्धत सिरिंजची. तिच्यातील द्राव सुईच्या टोकापुढे जेमतेम एक-दीड मिलिमीटर पोहोचतो, शिवाय मुळाच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकला की वाट बंदच होते. धुण्यासाठी वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट मृत ऊती विरघळवते, पण ही पेस्ट विरघळवण्यात ते फारसे कामाचे नाही. तिच्यातील कॅल्शियम बांधून घेणारे १७ टक्के ईडीटीए म्हणूनच जोडीला लागते.

पद्धतींची तुलना काढलेल्या दातांवर होते. दात उभा चिरून आतल्या भिंतीत बारीक खाच कोरतात, तीत पेस्ट भरून दोन्ही भाग पुन्हा जोडतात आणि धुतल्यानंतर खाचेत किती पेस्ट उरली, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अशा बहुतेक प्रयोगांत अल्ट्रासॉनिकने सिरिंजला मागे टाकले आहे. सेकंदाला सुमारे तीस हजार वेळा थरथरणाऱ्या बारीक तारेभोवती द्रावाचे भोवरे उठतात आणि मूळ आतून घासणारी बारीक कानस (फाइल) जिथे शिरत नाही त्या कपारींतील पेस्ट ते सुटी करतात. वाकड्या मुळात तार भिंतीला टेकली की कंपन मंदावते, हा तिचा मोठा तोटा. ध्वनिलहरींची टोके, लेझर, वळणारी फिनिशर फाइल हे पर्यायही आहेत. पण मुळाच्या शेवटच्या भागातून पेस्ट हमखास पूर्ण काढणारी पद्धत यांत एकही नाही.

तेलात कालवलेली पेस्ट पाण्यात कालवलेल्या पेस्टपेक्षा चिवट असते. त्यामुळे धुण्याचा विचार पहिल्याच बैठकीत, पेस्ट निवडतानाच व्हायला हवा, असे मला ठामपणे वाटते.