जखम दिसत नाही, म्हणजे मेंदू शाबूत?

८ जानेवारी २०२० ला इराणने इराकमधल्या, अमेरिकन सैनिक असलेल्या अल-असद लष्करी तळावर क्षेपणास्त्रं डागली. कुणालाही इजा नाही, असं अमेरिकेने जाहीर केलं. पुढच्या काही आठवड्यांत शंभराहून अधिक सैनिकांच्या मेंदूला इजा झाल्याचं निदान झालं. रक्त नाही, खोक नाही, तरीही!

डोकं फुटलं नाही तर आत काही बिघडत नाही, हा समज शंभर वर्षं जुना. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर सैनिकांत दिसणाऱ्या त्रासाला 'शेल शॉक' म्हणत. त्यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये लिहिलं. तरी थरथरणाऱ्या, विसरभोळ्या झालेल्या सैनिकांना भित्रे ठरवणारे कमी नव्हते.

स्फोटात हवेचा दाब क्षणार्धात प्रचंड वाढतो आणि ती लाट कवटी न फोडताही मेंदूतून आरपार जाते. मेंदू सगळीकडे सारखा घट्ट नसतो. त्यामुळे करडा आणि पांढरा भाग जिथे भेटतात तिथे, रक्तवाहिन्यांभोवती आणि मेंदूच्या आतबाहेर असलेल्या द्रवाच्या कडेला जास्त ताण पडतो. मेंदूविकृतितज्ज्ञ डॅनियल पर्ल यांच्या गटाला स्फोट झेललेल्या मृत सैनिकांच्या मेंदूत नेमक्या याच जागी व्रण सापडले (२०१६). सूक्ष्मदर्शकाखाली, बरं का. साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुतेकदा सगळं 'नॉर्मल'च. माणसाचं मात्र लक्ष लागत नाही, शब्द आठवत नाहीत, झोप उडते, चिडचिड वाढते.

आता उलट टोकही नको. शेल शॉकचे कितीतरी रुग्ण स्फोटाजवळ नव्हतेच. मनावरचा आघातही तितकाच खरा. अनेकदा दोन्ही एकाच माणसात असतात, आणि लक्षणांवरून वेगळं काढणं डॉक्टरांनाही जड जातं.