घरातील उंदरांचा बंदोबस्त

घरात शिरलेले उंदीर हुसकणे, पकडणे किंवा मारणे आणि ते पुन्हा येऊ नयेत म्हणून घराची डागडुजी व धान्याची साठवण सुधारणे, या सगळ्या कामांना मिळून उंदरांचा बंदोबस्त म्हणतात. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘मूषक नियंत्रण’ असा शब्द आहे. पिंजरा आणि विष दुकानात विकत मिळते, म्हणून लोकांचे लक्ष आधी मारण्याकडे जाते. घर उंदरांपासून मोकळे होते ते मात्र बहुतेक वेळा भिंतीतली भोके बुजवल्याने आणि रात्री खरकटे न ठेवल्याने. संस्कृतातला ‘मूषक’ हा शब्द ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूशी जोडला जातो. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली तेव्हापासूनची ही चोरी आहे, आणि चोराची वाट न अडवता एकेक चोर पकडत बसले तर काम कधीच संपत नाही.

कोणता प्राणी आहे ते आधी ओळखणे. घरात खुडखुड ऐकू आली की आपण सरसकट ‘उंदीर’ म्हणतो, पण महाराष्ट्रातल्या घरांत निदान चार वेगळे प्राणी येतात. पहिला लहान उंदीर (मस मस्क्युलस). याचे वजन साधारण १२ ते ३० ग्रॅम, शेपूट अंगाएवढेच. याला पाहून ‘पिल्लू दिसतेय’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात तो पूर्ण वाढलेला आणि वीण घालणारा असतो. दुसरा घरउंदीर किंवा काळा उंदीर (रॅटस रॅटस). याचे कान मोठे आणि शेपूट अंगापेक्षा लांब. हा चढण्यात पटाईत, त्यामुळे तो माळ्यावर, कौलांखाली, वाशांवर किंवा खोट्या छतात राहतो. तिसरी घूस. ही जमिनीत बीळ करते, गटारातून आणि मोरीतून येते. मोठी घूस किलोभर वजनाची होऊ शकते. चौथी चिचुंद्री. तिचे तोंड लांब निमुळते, डोळे बारीक, अंगाला उग्र वास. ती उंदीर नाहीच, कीटकभक्षक आहे. झुरळे आणि किडे खात ती भिंतीच्या कडेने चीची करत पळते. तिला विष घालून मारण्यात काही फायदा नाही. दाराखालची फट बुजवली की ती येत नाही.

ही ओळख पटवणे फार महत्त्वाचे आहे, कारण प्राण्यांचे स्वभाव वेगळे असतात. लहान उंदीर चौकस असतो. नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो, म्हणून सापळ्यात लवकर सापडतो. मोठा उंदीर, म्हणजे घरउंदीर, नव्या वस्तूपासून कित्येक दिवस लांब राहतो. ‘पिंजरा लावला पण आठवडाभर काही सापडले नाही’ ही तक्रार बहुधा मोठ्या उंदराच्या घरची असते.

खुणा. लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या, ३ ते ६ मिलिमीटर लांब आणि टोकदार. मोठ्या उंदराच्या सेंटीमीटरभर किंवा अधिक. भिंतीच्या कडेने रोजच्या ये-जा करण्याने अंगाच्या तेलाचा काळसर पट्टा उमटतो. साबणाची वडी, मेणबत्ती, बटाटा यांवर जोडीने चालणाऱ्या दातांचे चर दिसतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे खायचे नसले तरी तो लाकूड, प्लॅस्टिक, वायर कुरतडतोच. वाट नक्की सापडत नसेल तर घरगुती युक्ती अशी : रात्री झोपण्यापूर्वी फ्रिजमागे, सिलिंडरच्या बाजूला आणि मोरीच्या उंबऱ्याशी रांगोळीचा पातळ थर पसरावा. सकाळी त्यात बारीक बोटांची पावले आणि मधोमध शेपटीची ओढलेली रेघ दिसते. ही रेघ ज्या कोपऱ्यात जाऊन संपते तिथे भोक असते. कणीक वापरू नये, ती उंदीर खाऊन टाकतो.

वाट बंद करणे. ज्या भोकात साधी पेन्सिल जाते त्यातून लहान उंदीर आत येतो. सुमारे ६ मिलिमीटरची फट त्याला पुरते. शहरी फ्लॅटमध्ये ठरलेल्या जागा आहेत. गॅसच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेले भोक, चिमणीची नळी बाहेर जाते ती जागा, एसीची तांब्याची नळी, सिंकखालचा सांडपाण्याचा पाइप, मोरीची तुटलेली जाळी, मुख्य दाराखालची फट आणि खिडकीच्या सरकत्या चौकटीचा कोपरा. ओटा बांधताना पाइपभोवतीची पोकळी ट्रॉलीमागे झाकली जाते आणि वर्षानुवर्षे कुणाला दिसत नाही, म्हणून ट्रॉली एकदा पूर्ण बाहेर काढून बॅटरीच्या उजेडात मागची भिंत पाहावीच. भोकात नुसता कागद, कापूस किंवा फोम कोंबला तर उंदीर तो एका रात्रीत काढतो. तारेची घासणी घट्ट कोंबून वर सिमेंट लिंपले तर टिकते. जुने गवंडी सिमेंटात काचेचा चुरा मिसळतात तोही याचसाठी. दाराला खालून पत्र्याची किंवा जाड रबराची पट्टी, मोरीला घट्ट बसणारी स्टीलची जाळी आणि वायुवीजनाच्या खिडकीला बारीक तारेची जाळी लावावी. प्लॅस्टिकची जाळी डासांसाठी ठीक, उंदरापुढे ती टिकत नाही.

एक काळजी घ्यायची. आत उंदीर असताना सगळी भोके एकाच दिवशी बुजवली तर तो आत अडकून मरतो आणि पुढे दोन आठवडे भिंतीतून वास येतो. आधी सापळे लावून संख्या कमी करावी, मग एकेक वाट बंद करावी आणि शेवटची वाट रांगोळी कोरी राहिल्यावर बुजवावी.

धान्य लपवण्याची आपली परंपरा याच शहाणपणातून आली. छताला टांगलेले शिंके, मडक्यांची उतरंड, शेणाने लिंपलेली कणगी, भिंतीत बांधलेले बळद, जमिनीखालचे पेव या सगळ्यांत उंदराला अन्नापर्यंत पोहोचू न देण्याचा विचार आहे. धान्यात घातलेला कडुलिंबाचा पाला किड्यांसाठी असतो, उंदरावर त्याचा उपयोग नाही. आज घट्ट झाकणाचे स्टीलचे किंवा पत्र्याचे डबे हे काम करतात. गोणीतले तांदूळ, पिशवीतले शेंगदाणे, कुत्र्याचे खाद्य आणि रात्रभर उघडी राहिलेली कचऱ्याची बादली ही उंदरासाठी सरळ पंगत आहे. लहान उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी पाच ते आठ पिल्ले होतात आणि ती दीड-दोन महिन्यांत वीण घालू लागतात. अन्न तोडले तरच हा वेग मंदावतो.

सापळे. दाबाच्या लाकडी सापळ्याचे एकस्व (पेटंट) अमेरिकेत विल्यम हूकर यांनी १८९४ मध्ये घेतले. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये जेम्स ॲटकिन्सन यांचा स्प्रिंगचा सापळा आला. आजही लहान उंदरासाठी हाच सापळा सर्वांत भरवशाचा आहे, आणि नीट लावला तर मरण क्षणात येते. तो भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे ठेवून लावावा, कारण उंदीर भिंतीला मिशा लावत धावतो. खोलीत एक सापळा लावून भागत नाही; एकाच रात्री पाच-सहा लावावेत. मोठ्या उंदरासाठी पहिले दोन-तीन दिवस सापळा न ताणता नुसते आमिष ठेवावे. आमिषात सुका बोंबील, भजी, ओले खोबरे, तूप लावलेली भाकरी चालते. लहान उंदराला शेंगदाण्याचा ओढा जास्त. आमिष दोऱ्याने बांधले तर तो ते अलगद उचलून नेऊ शकत नाही.

पिंजरा हा आपल्याकडचा घरोघरचा मार्ग. पण पकडलेला उंदीर गल्लीच्या टोकाला सोडला तर तो परत येतो किंवा शेजारच्या घरात शिरतो. पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणे ही क्रूर पद्धत आहे आणि ती सोडून द्यायला हवी.

गोंदाच्या पट्टीबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. पट्टीला चिकटलेला उंदीर लगेच मरत नाही; तो पहाटेपर्यंत ओरडत, स्वतःचे केस आणि कातडी ओढून काढत तहानेने झिजत राहतो, आणि घरातल्या लहान मुलाला सकाळी तेच दिसते. पाल, चिमणी, मांजराचे पिल्लूही त्यावर अडकते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या पट्ट्या वापरू नयेत अशी भूमिका घेतली आहे. दाबाचा सापळा उपलब्ध असताना ही पट्टी वापरायला कारणच उरत नाही.

विष. आपण त्याला ‘उंदरांचे औषध’ म्हणतो, आणि या शब्दाने घात केला आहे. औषध म्हटले की ते कपाटात साबण-अगरबत्तीशेजारी ठेवले जाते. ट्यूबमधून मिळणाऱ्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. पोटात गेल्यावर सुरुवातीची लक्षणे ओसरतात, माणूस बरा वाटतो आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागते. त्यावर खात्रीचा उतारा नाही. लहान मुलाला ती टूथपेस्ट वाटू शकते. ही पेस्ट घरात आणूच नये. झिंक फॉस्फाइडची काळसर पूड पोटातल्या आम्लाशी मिसळून फॉस्फीन हा विषारी वायू सोडते. तिलाही उतारा नाही. कमी मात्रा खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. धान्याच्या कोठारातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून हाच वायू निघतो. बंद खोलीत त्या ठेवल्याने शेजारच्या खोलीत झोपलेली माणसे दगावली आहेत.

रंगीत वड्या किंवा केक म्हणून मिळते ते बहुधा ०.००५ टक्के ब्रोमाडायोलोन. हे रक्त गोठू देत नाही. उंदीर काही दिवसांनी मरतो, त्यामुळे इतर उंदरांना संशय येत नाही. या जातीचे पहिले विष वॉरफरिन. कुजलेल्या गोड क्लोव्हर गवताने अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरत होती, त्याच्या शोधातून ते निघाले आणि १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आले. पुढे तेच माणसाच्या रक्ताच्या गुठळ्यांवर औषध ठरले. या जातीच्या विषांवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे. मुलाने वडी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता, वेष्टन सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. वडी वापरायचीच तर कुलूपबंद डब्यात, घराबाहेरच्या बाजूला ठेवावी. विष खाल्लेला उंदीर पाणी शोधत घराबाहेर जाऊन मरतो हा समज खरा नाही. तो माळ्यावर, फ्रिजखाली, कुठेही मरतो, आणि त्याला खाणारे मांजर किंवा घुबडही विषबाधेने मरू शकते.

डांबरगोळ्या, पुदिन्याचे तेल, कापूर आणि भिंतीच्या प्लगला लावायची ध्वनियंत्रे यांचा परिणाम टिकत नाही. उंदीर थोड्या दिवसांत सरावतो. मांजर लहान उंदीर पकडते, घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. गावाकडे हे काम धामण आणि गव्हाणी घुबड न बोलता करतात, आणि तरीही धामण दिसली की काठी उचलली जाते याची खंत वाटते.

रोग. मुंबईत प्लेग आला तो मांडवी या धान्याच्या वखारींच्या भागात. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढल्या वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्या काळात ‘घरात उंदीर पडला’ एवढे ऐकताच माणसे घर सोडून रानात झोपड्या बांधून राहत. उंदरापासून माणसापर्यंत रोग पिसवा नेतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि त्याचा धडा आजही लागू आहे : उंदीर मेला की पिसवा थंड पडलेले शरीर सोडून दुसरे ऊबदार अंग शोधतात. म्हणून प्लेगचा संशय असलेल्या भागात आधी पिसवा माराव्या लागतात, मग उंदीर. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगने पुन्हा डोके वर काढले होते.

आजचा मोठा धोका लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात; २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली. पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ते चालणे आवर्जून सांगावे. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत, धुळीतून जंतू नाकात जातात. हातमोजे घालून त्यांवर ब्लीचचे पाणी शिंपडावे, दहा मिनिटांनी ओल्या कागदाने टिपून पिशवीत बांधावे. मेलेला उंदीरही उघड्या हाताने उचलू नये.

सोसायटी आणि नगरपालिका. पावसात बिळे भरली की उंदीर वर येतात, आणि जुनी इमारत पाडली की शेजारच्या चार इमारतींत जातात. अशा वेळी एका घराने केलेला उपाय टिकत नाही. कचऱ्याची खोली, डक्ट, गटारांची झाकणे हे सोसायटीने एकत्र पाहायचे काम आहे. मुंबई महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात रात्रपाळीचे मूषक संहारक असतात. बॅटरी आणि काठी घेऊन ते बाजार आणि गल्ल्यांत फिरतात, रात्रीला ठरलेल्या संख्येने उंदीर मारतात आणि पहाटे ते मोजून देतात. अतिशय कष्टाचे, घाणीचे आणि आरोग्याला धोक्याचे हे काम आहे. रात्री हॉटेलमागे आणि मंडईत खरकटे उघड्यावर पडते, तोवर त्यांच्या कामाला खंड पडत नाही.